चर्चगेट ते बोरिवली, सी भाषेत : फ्लेक्सवर सिस्टिम लिहिताना

11 जानेवारी 2025

पश्चिम रेल्वेच्या धीम्या मार्गाचं सिम्युलेशन लिहायला घेतलं. चर्चगेट ते बोरिवली, सुमारे 34 किलोमीटर, 22 स्थानकं. शोधायचं आहे ते एवढंच : दादरला एखादी गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकली, तर त्याचं लोण मागच्या किती गाड्यांपर्यंत पोचतं आणि कुठे विरतं.

भाषा सी, आणि एंटिटी-कंपोनंट-सिस्टिमसाठी फ्लेक्स ही लायब्ररी. सँडर मर्टेन्स यांची, एमआयटी परवान्याखाली खुली, सी99 मध्ये लिहिलेली. एक सोर्स फाइल आणि एक हेडर आपल्या फोल्डरात टाकायची, सोबत कंपाइल करायची. दुसरं काही लागत नाही. 2024 मध्ये आलेली चौथी मालिका घेतली आहे.

ज्यांनी हा प्रकार वापरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एंटिटी म्हणजे 64 बिटांचा एक आकडा. कंपोनंट म्हणजे साधा स्ट्रक्ट, माहितीचे काही रकाने. ज्या एंटिटींचे कंपोनंट तंतोतंत सारखे, त्या सगळ्या एका टेबलात जातात, आणि त्या टेबलात प्रत्येक कंपोनंटचा स्तंभ म्हणजे सलग अ‍ॅरे. सिस्टिम म्हणजे एक क्वेरी (कुठले कंपोनंट असलेल्या एंटिटी हव्यात ती मागणी) आणि एक फंक्शन. क्वेरीला जुळणारं प्रत्येक टेबल लायब्ररी त्या फंक्शनच्या हातात देते.

कोडला हात लावण्याआधी वहीत प्रत्येक सिस्टिमपुढे दोनच गोष्टी लिहिल्या : ती काय वाचते आणि काय लिहिते. माझ्या मते ही शैली पेलायची असेल तर सगळा भर यावर हवा. फंक्शनच्या आतलं गणित शाळेतलंच असतं. सिस्टिमांचा क्रम, रांगेतले बदल कधी लागू व्हायचे ते, आणि थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) लावता येतील की नाही, हे सगळं या दोन याद्यांवरून ठरतं.

12 जानेवारी

पहिली सिस्टिम ‘चाल’. गाडीकडे ‘जागा’ (चर्चगेटपासूनचं अंतर, मीटरमध्ये), ‘वेग’ आणि ‘लक्ष्यवेग’. ‘चाल’ लक्ष्यवेग वाचते, वेग आणि जागा बदलते. क्वेरीत लक्ष्यवेगाच्या आधी चौकटी कंसात ‘इन’ लिहिलं, म्हणजे तो फक्त वाचायचा. कंस नसेल तर लायब्ररी वाचणं आणि लिहिणं दोन्ही गृहीत धरते. चालेल, पण पुढे त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून नेमकं लिहितो आहे.

फंक्शनला एकच पॅरामीटर येतो, इटरेटर. त्यातून ‘फील्ड’ फंक्शनने स्तंभाचा पॉइंटर घ्यायचा आणि शून्यापासून ‘काउंट’पर्यंत साधी फॉर लूप चालवायची. चौथ्या मालिकेत फील्डचा क्रमांक 0 पासून सुरू होतो, तिसऱ्यात 1 पासून होता. जुनी उदाहरणं समोर ठेवून लिहिणाऱ्याने हे आधी पाहावं. डीबग बिल्डमध्ये स्ट्रक्टचा आकार जुळला नाही तर लायब्ररी तिथेच थांबवते, पण दोन लगतचे कंपोनंट सारख्याच आकाराचे असले तर ही तपासणी काही सांगणार नाही. माझे जागा आणि वेग दोन्ही एकेका फ्लोटचे आहेत.

‘प्रोग्रेस’ हे फंक्शन सिम्युलेशन एक पाऊल, म्हणजे एक फ्रेम, पुढे नेतं. त्याला काळ म्हणून 0 दिला तर लायब्ररी स्वतः घड्याळ बघते. मी ठरावीक 0.1 सेकंद देतो आहे. तीच सुरुवात दिली की दर वेळी तोच निकाल यायला हवा, नाहीतर प्रयोग पडताळणार कसा?

18 जानेवारी

आज रूळ. खऱ्या रुळावर ब्लॉक (दोन सिग्नलांमधला रुळाचा तुकडा) व्यापला आहे हे ट्रॅक सर्किटने कळतं. दोन्ही रुळांतून हलका विद्युतप्रवाह फिरत असतो. गाडीची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा वीज गेली तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तरी लालच दिसतो. ही रचना मला अतिशय आवडते. गाडी आत आली, बाहेर गेली असा निरोप कुणी कुणाला देत नाही, रुळाची आत्ताची स्थिती तेवढी बघितली जाते.

सिम्युलेशनमध्येही तसंच केलं. दर फ्रेमला ‘व्याप्ती’ ही सिस्टिम सगळे ब्लॉक मोकळे करते, मग प्रत्येक गाडीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत जे ब्लॉक येतात ते व्यापलेले धरते. ब्लॉक 400 मीटरचा आणि बारा डब्यांची गाडी 260 मीटरची धरली आहे, म्हणजे एक गाडी एका वेळी एक किंवा दोन ब्लॉक अडवते.

ब्लॉक एंटिटी करायचा की नाही यावर बराच विचार केला. ‘व्यापलेला’ असा टॅग (आत माहिती नसलेली नुसती खूण) एंटिटीला लावायचा आणि काढायचा, हे वाचायला छान वाटतं. पण टॅग लावणं म्हणजे ती एंटिटी एका टेबलातून उचलून दुसऱ्यात नेणं, सगळे स्तंभ नक्कल करून. गाडी पुढे सरकेल तसतसं हे होत राहणार. शिवाय ‘137 नंबरचा ब्लॉक मोकळा आहे का’ असं थेट विचारायचं असतं, त्याला अ‍ॅरेइतकं सरळ काही नाही. म्हणून ‘रूळ’ हा एकच सिंगलटन (सगळ्या प्रोग्रामात एकच प्रत असलेला) कंपोनंट केला आणि त्यात व्याप्तीचा साधा अ‍ॅरे ठेवला. डाउन मार्गाचे (चर्चगेटहून बोरिवलीकडे) 85 ब्लॉक, अपचे (उलट दिशेचे) 85. लायब्ररी एंटिटींची आहे म्हणून प्रत्येक वस्तू एंटिटी झालीच पाहिजे असं नाही.

19 जानेवारी

सिग्नल. उपनगरी मार्गावर चार संकेतांचे स्वयंचलित सिग्नल असतात : लाल म्हणजे थांबा, एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल आहे, दोन पिवळे म्हणजे पुढचा पिवळा आहे, आणि हिरवा म्हणजे जा.

सिग्नल एंटिटीच ठेवले, कारण ते चित्रात दाखवायचे आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि पुढे त्यांना बिघाडही द्यायचा आहे. फ्लेक्समध्ये दोन एंटिटींचं नातं जोडीने मांडता येतं, तेव्हा ‘पुढचा’ हे नातं आणि पुढच्या सिग्नलची एंटिटी अशी जोडी मनात आली. पण इथे थांबून पाहायला हवं. जोडी हा टेबलाच्या ओळखीचाच भाग असतो. प्रत्येक सिग्नलचा पुढचा सिग्नल वेगळा, म्हणजे प्रत्येकाची जोडी वेगळी, म्हणजे प्रत्येकाचं टेबल वेगळं. 170 सिग्नलांची जवळपास तितकीच टेबलं, प्रत्येकात एकच ओळ. सलग अ‍ॅरेवर लूप चालवण्याचा सगळा फायदा तिथेच संपला. म्हणून सिग्नलला फक्त मार्ग आणि क्रमांक दिला. पुढचा कोण ते क्रमांकात एक मिळवून कळतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ‘पुढचा लाल तर मी पिवळा’ असं शब्दशः लिहिलं तर प्रत्येक सिग्नल पुढच्या सिग्नलचं उत्तर वाचणार. ते या फ्रेमचं की मागच्या फ्रेमचं, हे टेबलात कोण आधी आहे त्यावर अवलंबून. टेबलातल्या ओळींच्या क्रमाचा भरवसा धरायचा नाही. मधली एक एंटिटी काढली की शेवटची तिच्या जागी येऊन बसते. म्हणून ‘संकेत’ सिस्टिम इतर सिग्नलांकडे बघतच नाही. ती रुळाच्या अ‍ॅरेत पुढचे जास्तीत जास्त तीन ब्लॉक तपासते : पहिलाच व्यापलेला तर लाल, दुसरा तर एक पिवळा, तिसरा तर दोन पिवळे, तिन्ही मोकळे तर हिरवा. सिस्टिम वाचते ‘रूळ’, लिहिते स्वतःचा ‘संकेत’. ओळी कुठल्याही क्रमाने आल्या तरी उत्तर तेच.

या क्वेरीत एक खाचखळगा आहे, तो नोंदवून ठेवतो. ‘संकेत’चं फील्ड म्हणजे अ‍ॅरे, त्याला लूपचा आय लावायचा. पण ‘रूळ’ सिंगलटन आहे, त्याचं फील्ड म्हणजे एकाच स्ट्रक्टचा पॉइंटर, तिथे आय लावला तर भलतीच मेमरी वाचली जाईल आणि कंपायलर हूं का चूं करणार नाही. फील्ड स्वतःचं आहे की दुसरीकडून आलेलं, हे ‘फील्ड इज सेल्फ’ने विचारता येतं. मी अशा प्रत्येक सिस्टिमच्या सुरुवातीला तसा असर्ट (अट चुकली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) घालतो.

25 जानेवारी

फेज लावल्या. पाइपलाइन म्हणजे दर फ्रेमला सिस्टिम चालवण्याचा क्रम. तिच्यात आधीपासून ठरलेले टप्पे, म्हणजे फेज, असतात : ऑनलोड, पोस्टलोड, प्रीअपडेट, ऑनअपडेट, ऑनव्हॅलिडेट, पोस्टअपडेट, प्रीस्टोअर, ऑनस्टोअर. एकाच फेजमधल्या सिस्टिम ज्या क्रमाने जाहीर केल्या त्याच क्रमाने चालतात.

‘व्याप्ती’ प्रीअपडेटमध्ये. ऑनअपडेटमध्ये आधी ‘संकेत’, मग ‘मोटरमन’, मग ‘चाल’. चित्र काढणं ऑनस्टोअरमध्ये. हाच क्रम का? मोटरमनने बघितलेला सिग्नल याच फ्रेमचा असायला हवा म्हणून. ताशी 80 किलोमीटरने गाडी 0.1 सेकंदात सव्वादोन मीटर जाते, म्हणजे एका फ्रेमच्या उशिराने आकाश कोसळत नाही. पण उशीर कुठे आहे आणि कुठे नाही हे मला माहीत असलं पाहिजे.

‘मोटरमन’चं गणित एका ओळीचं : उरलेल्या अंतरात थांबायचं असेल तर परवडणारा वेग म्हणजे दोन गुणिले मंदन गुणिले अंतर, याचं वर्गमूळ. मंदन (ब्रेकने वेग घटण्याचा दर) 0.8 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर ताशी 80 वरून थांबायला 309 मीटर लागतात, म्हणजे एका ब्लॉकच्या आत. पिवळा दिसल्यावर ब्रेक लावणाऱ्याला पुरेसं आहे, पण गाडी खचाखच भरलेली आणि रूळ ओले असतील तर 400 मीटरही अपुरे पडतील. दोन पिवळ्यांचं मोल इथे कळतं, ते थांबायला आणखी एक आख्खा ब्लॉक देतात.

1 फेब्रुवारी

स्थानकातला थांबा. फ्लेक्सचा खरा स्वभाव इथे समोर येतो.

गाडी फलाटाला लागली की ‘आगमन’ सिस्टिम तिला ‘थांबा’ हा कंपोनंट देते (उरलेले सेकंद). ‘थांबा-मोजणी’ सिस्टिम ते सेकंद कमी करते, लक्ष्यवेग शून्य ठेवते आणि वेळ संपली की कंपोनंट काढून टाकते.

पण लूप चालू असताना एंटिटी टेबलातून हलवली तर हातातला अ‍ॅरेच बदलेल. म्हणून सिस्टिम चालू असताना फ्लेक्स असे बदल लगेच करत नाही, रांगेत ठेवतं. जोडणं, काढणं, एंटिटी नष्ट करणं, सगळं रांगेत. रांग रिकामी होते ती सिंक पॉइंटला. हे पॉइंट कुठे यायचे ते पाइपलाइन स्वतः ठरवते, आणि ठरवते ते आपण जाहीर केलेल्या वाचन-लेखनावरूनच.

‘आगमन’च्या क्वेरीत ‘थांबा’ नाही, कारण येणाऱ्या गाडीकडे तो अजून नसतो. मग पाइपलाइनला कसं कळणार? क्वेरीत ‘थांबा’ला ‘आउट’ लावायचं आणि पुढे रिकामा कंस द्यायचा. अर्थ असा : हा माझ्या जुळणीचा भाग नाही, पण मी तो कुठेतरी लिहिणार आहे. एवढं सांगितलं की पुढे ‘थांबा’ वाचणारी सिस्टिम दिसताच पाइपलाइन दोघींच्या मध्ये सिंक टाकते. नाही सांगितलं तरी प्रोग्राम चालतोच. फक्त नवा थांबा पुढचा कुठलातरी सिंक येईपर्यंत, कदाचित फ्रेम संपेपर्यंत, रांगेत पडून राहतो.

डीबग बिल्डमध्ये लॉगची पातळी वाढवली की पाइपलाइनचा सगळा आराखडा छापला जातो, कुठली सिस्टिम, मग कुठे मर्ज (रांगेतले बदल लागू होणं). नवी सिस्टिम घातली की मी आधी तो वाचतो. वहीतल्या याद्या आणि हा आराखडा जुळला की मगच पुढे.

आणखी एक नियम : सिस्टिमच्या आत नेहमी इटरेटरमधलाच वर्ल्ड पॉइंटर वापरायचा, बाहेर जपून ठेवलेला नाही. आतला पॉइंटर त्या थ्रेडच्या स्टेजचा असतो, रांग तिथे असते.

3 फेब्रुवारी

कोड नाही. 1925 मध्ये याच तारखेला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेवरची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. आज शंभर वर्षं झाली. आपला मार्ग पश्चिमेचा असला तरी नोंद व्हायलाच हवी.

9 फेब्रुवारी

प्रवासी आले. आता एंटिटी हजारांत गेल्या, त्यामुळे मांडणीचे निर्णय अंगावर येतात.

प्रत्येक प्रवाशाला ‘ठिकाण’ या नात्याची जोडी दिली : ठिकाण आणि दादर, ठिकाण आणि अंधेरी. सिग्नलांसाठी नाकारलेलीच ही सोय, पण इथे ती चपखल बसते. स्थानकं 22, प्रवासी हजारो, म्हणजे दादरच्या सगळ्या प्रवाशांचं एक लांबलचक टेबल. वाण्याच्या दुकानात डाळीप्रमाणे डबे असतात तसं. तूरडाळ हवी तर तोच डबा उघडायचा, सगळं दुकान उपसायचं नाही. एका टेबलात किती ओळी पडणार, एवढा हिशेब करून नातं वापरायचं की नाही ते ठरवावं.

‘ठिकाण’ला एक्स्क्लुझिव्ह हा गुण दिला. प्रवासी एका वेळी एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे गाडीची जोडी जोडली की दादरची आपोआप सुटते आणि टेबलबदल एकदाच होतो. गाडी बोरिवलीला पोचून एंटिटी नष्ट झाली तर आतल्यांचं काय? मूळ वागणूक अशी की फक्त जोडी निघते, प्रवासी ठिकाणाविना उरतात. मला उतरणं नीट दाखवायचं आहे, म्हणून गाडी नष्ट होण्याआधी ‘उतरणं’ सिस्टिम चालते आणि शेवटी गाडीला चिकटलेला कुणी उरला का हे असर्टने तपासते. लक्ष्य गेलं की प्रवासीही जावा असा नियम लावता येतो, पण मग हिशेबातली चूक दिसणारच नाही.

चढण्याची सिस्टिम प्रवाशांवर फिरवायची की गाड्यांवर? गाडीत जागा किती उरली हा आकडा सगळ्या प्रवाशांत सामाईक. प्रवाशांवर फिरवून थ्रेड लावले तर चार थ्रेड तोच आकडा एकाच वेळी बदलणार. म्हणून ‘चढणं’ गाड्यांवर फिरते, एकाच थ्रेडवर. आत दुसरी क्वेरी : ठिकाण आणि स्थानक हे चल (व्हेरिएबल), आणि गाडी ज्या स्थानकात उभी आहे ते त्या चलात भरून इटरेटर सुरू करायचा. गाडी भरली की मध्येच बाहेर पडावं लागतं, तेव्हा इटरेटरचं ‘फिनी’ बोलवायचंच, नाहीतर त्याने घेतलेली मेमरी परत जात नाही.

याउलट फलाटावर चालण्याची सिस्टिम : प्रवासी स्वतःची जागा बदलतो आणि दारांच्या जागा सिंगलटनमधून फक्त वाचतो. कुणी कुणाचं काही लिहीत नाही. तिला मल्टीथ्रेडेड केलं, ‘सेट थ्रेड्स’ला 4 दिले आणि फंक्शनमधली एक ओळही बदलावी लागली नाही. प्रत्येक टेबलाच्या ओळी थ्रेडांत वाटल्या जातात. ‘संकेत’ सिस्टिमही नियमाने थ्रेडवर चालू शकेल, पण 170 सिग्नलांच्या कामापेक्षा थ्रेडांना एकत्र आणण्याचाच खर्च जास्त. तिला हात लावला नाही.

15 फेब्रुवारी

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम आहे. मोटरमनने सिग्नलप्रमाणे वेग आवरला नाही तर ती स्वतः ब्रेक लावते. पाइपलाइनमध्ये तिची जागा आयतीच आहे : ऑनव्हॅलिडेटमध्ये तपासणी, पोस्टअपडेटमध्ये दुरुस्ती. ‘मोटरमन’च्या कोडात ती मिसळली नाही, हे मुद्दाम. देखरेख करणारा आणि गाडी चालवणारा वेगळेच असायला हवेत. चाचणीसाठी ‘मोटरमन’ सिस्टिम बंद ठेवून गाड्या सोडता येतात आणि एका ब्लॉकमध्ये दोन गाड्या येतात का ते बघता येतं.

22 फेब्रुवारी

दादरचा प्रयोग, आधी प्रवाशांविना. गाड्या 180 सेकंदांच्या अंतराने. दादरला दोन गाड्यांत किमान 120 सेकंद लागतील असे थांबे बसवले. मग एका गाडीला 240 सेकंद जादा थांबवलं. हाताने हिशेब असा : वेळापत्रकात दर गाडीमागे 60 सेकंद शिल्लक आहेत, म्हणून मागच्या गाड्यांना 180, 120, 60 आणि मग शून्य उशीर. सिम्युलेशनचे आकडे याच्याच आसपास पडले, किंचित जास्त, कारण लालला थांबलेली गाडी पुन्हा वेग घ्यायला वेळ घेते. अंतर 130 सेकंदांवर आणलं की शिल्लक 10 सेकंदांवर येते आणि त्याच 240 सेकंदांची झळ मागच्या तेवीस गाड्यांना भोगावी लागते. गर्दीच्या वेळी मुंबईकर इंडिकेटरकडे का डोळे लावून उभा असतो, ते या एका वजाबाकीत आहे.

खरा उशीर यापेक्षा वाईट असणार, कारण उशिरा येणाऱ्या गाडीसाठी फलाटावर जास्त लोक जमलेले असतात आणि थांबा आणखी लांबतो. म्हणून ‘आगमन’ सिस्टिम आता थांब्याचे सेकंद ठरवताना त्या स्थानकाच्या जोडीखाली किती एंटिटी आहेत ते विचारेल. टेबलं स्वतःची लांबी जाणतातच, त्यामुळे मोजणी स्वस्त. त्याच फ्रेममध्ये चढलेले प्रवासी सिंक होईपर्यंत या मोजणीत फलाटावरच धरले जातील. ते टाळायला ‘आगमन’ ही ‘चढणं’च्या आधी, जादा सिंक न घेता, ठेवली आहे. तिच्या वाचण्याच्या यादीत ‘ठिकाण’ वाढवलं. जलद मार्गाला स्वतःचा ‘रूळ’ अ‍ॅरे लागेल, आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या सांध्यांचा ताबा दोन्ही अ‍ॅरेंपैकी कुणाकडे, हे त्याआधी वहीत ठरवायचं आहे.